दहा मूल्यं आणि उभी बाटली

महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ती दहा मूल्यं आठवत असणारच. शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेली, खाली देणगीदाराचं नाव. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. सर्वधर्मसहिष्णुता आणि नीटनेटकेपणा एकाच रांगेत कुणी बसवलं असेल याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय, पण ते जाऊदे. परिपाठाला रोज एक मूल्य, त्यावर एक बोधकथा, आणि कथेच्या शेवटी सगळे खूश.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या भिंतीवरची दहाच्या दहा मूल्यं एकमेकांशी कधीच भांडत नाहीत. आणि पोरं अकरावीला माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हेच पक्कं बसलेलं असतं, की चांगल्या माणसाकडे सगळी मूल्यं असतात, वाईटाकडे एकही नसतं, म्हणजे ज्याचं मत माझ्यासारखं नाही तो एकतर वाईट, नाहीतर येडा, नाहीतर पैसे घेतलेला. व्हॉट्सॲपवर आपण मोठी माणसंसुद्धा दुसरं काय करतो म्हणा.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते. आर्ट्सचा वर्ग, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत ज्यांना सायन्स झेपलं नाही ती पोरं. पुस्तकात स्वातंत्र्य आणि हक्क, समता आणि न्याय अशी प्रकरणं आहेत आणि ती वाईट अजिबात नाहीत, पण पोरं ती व्याख्या पाठ करण्यापुरतीच वाचतात कारण परीक्षेत तेवढंच लागतं. समता म्हणजे काय हे विचारलं तर चार ओळी खडाखडा येतात. तुझ्या आयुष्यात समता कुठं कमी पडली असं विचारलं की वर्ग गप्प. तो गप्पपणा फुटला तो एसटीच्या पासवरून.

आमची निम्म्याहून जास्त पोरं वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट. मुलांना विद्यार्थी सवलत असते, 66.67 टक्के, म्हणजे भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा त्यांना भरावा लागतो. तर समतेचं प्रकरण चालू असताना मागच्या बेंचवरून एकजण म्हणाला, "मॅडम, समता समता म्हणतायसा, मग आमच्या पासला पैसे का पडत्यात?" मुलं हसली. पुढच्या बेंचवरची एक मुलगी मागं वळून म्हणाली, "तुला कॉलेजला घालायचं का नको, अशी चर्चा तुझ्या घरात कधी झाली का रे?"

वर्ग एकदम जागा झाला. तो म्हणाला, नाही झाली, पण पासला पैसे नव्हते म्हणून मी गेल्या महिन्यात आठवडाभर आलो नाही, ते कुणी विचारलं नाही. आता ही पण खरी गोष्ट आणि ती पण खरी गोष्ट. भाषणातल्या वाक्यांसारखी वाक्यं नव्हती ती, दोघंही आपापल्या घरातलं बोलत होते. तेवढ्यात कोपऱ्यातला एक शांत पोरगा, जो हजेरीला सोडून तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "पंचाहत्तरीच्या आजोबास्नी फुल फ्री हाय, रिटायर्ड हेडमास्तर असला, पेन्शन असली तरी. त्याला कोणच काय म्हणत न्हाई."

मी फळ्यावर तीन शब्द लिहिले. सारखं. गरज. मान. आणि मागच्या बेंचवाल्याला विचारलं, तुला सगळ्यांना सारखं पाहिजे ना, मग बुलेटवरून येणाऱ्या पोरालाही सवलतीचा पास द्यायचा? तो लगेच म्हणाला, त्याला कशाला. म्हणजे बघा, इतका वेळ तो 'सारखं'च्या बाजूने भांडतोय असं त्यालाही वाटत होतं आणि आम्हालाही, पण तो उभा होता गरजेच्या बाजूला. मग मुलीला विचारलं, बंगल्यात राहणाऱ्या मुलीला पास फुकट द्यायचा का? मला वाटलं ती पण अडखळेल. ती म्हणाली, द्यायचा, कारण घरात पैसे असले तरी ते मुलीच्या शिक्षणावर घालायचे का नाही हे ती मुलगी ठरवत नाही.

हे उत्तर माझ्या पुस्तकात नाही.

तिच्या बोलण्यात गरज होती पण घराची नव्हे, त्या एकट्या मुलीची. सरकार जेव्हा मदत करतं तेव्हा ते कुटुंबाकडे बघतं का माणसाकडे, हा एवढा मोठा प्रश्न तिने एसटीच्या पासावर आणून ठेवला. 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यात उत्पन्नाची अट नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण आली, महिन्याला 1500 रुपये, तिथे मात्र कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. एकाच राज्यात, दीडेक वर्षाच्या अंतराने, एका योजनेत बाई ही बाई म्हणून मोजली आणि दुसरीत घरातली एक म्हणून. कुठलं बरोबर? मी वर्गात सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. पण चहाच्या टपरीवर या दोन योजनांवरून जी भांडणं होतात ती आता माझी पोरं जरा वेगळ्या कानाने ऐकतात एवढं नक्की, आणि आजोबांच्या फुकट प्रवासावर कुणी बोलत नाही याचं कारण 'मान' आहे, हिशोब नाही, हे त्यांना कळलंय.

त्यानंतर मी चिठ्ठ्यांचा खेळ सुरू केला. म्हणजे शोध काही माझा नाही, असले खेळ जगभर शिक्षक घेतात. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून प्रत्येकाला काही चिठ्ठ्या द्यायच्या, ज्या गोष्टीशिवाय जगणं जगणं वाटणार नाही त्या त्यावर लिहायच्या, एका चिठ्ठीवर एक. पहिल्यांदा पोरांनी भिंतीवरचीच मूल्यं लिहिली, राष्ट्रभक्ती वगैरे, कारण मॅडमना तेच आवडेल. मी म्हटलं चिठ्ठ्या गोळा करणार नाही, नावं घालू नका. मग खरं बाहेर आलं. घरच्यांची इज्जत. दिलेला शब्द. जमीन. स्वतःच्या पैशाने घेतलेली गाडी. आईला त्रास न होणं. कुणी टोकू नये. देवाचं. आपली माणसं. एकाने लिहिलं 'कुणाचे उपकार नकोत' आणि त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं, लाजत लाजत.

मग एक एक चिठ्ठी फाडायला सांगायची. इथे खेळाची मजा जाते आणि पोरं चिडतात. एक मुलगी म्हणाली मॅडम, 'आईला त्रास न होणं' आणि 'कुणी टोकू नये' यातलं एक फाडायचं असेल तर मला घरी जाऊ द्या. पण हे करायलाच लागतं. सगळं पाहिजे असं सगळ्यांनाच वाटतं, त्यातून माणसाचं राजकीय मत काही कळत नाही. काय सोडायची तयारी आहे तिथे ते कळतं. हातात दोन चिठ्ठ्या उरल्यावर ज्याच्या हातात 'शब्द' आणि 'आपली माणसं' आहे तो कुठल्या तऱ्हेच्या नेत्यावर जीव टाकेल आणि जिच्या हातात 'कुणी टोकू नये' आहे ती कुठल्या कायद्याने भडकेल, याचा साधारण अंदाज येतो. अंदाजच हां. माणूस म्हणजे काही गणित नाही.

मिल्टन रोकीच नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने याच्यावर आयुष्य घातलं. त्याने अठरा-अठरा मूल्यांच्या दोन याद्या केल्या आणि लोकांना त्या क्रमाने लावायला सांगितल्या. त्याचं म्हणणं असं की मूल्यं सगळ्यांकडे जवळपास तीच असतात, क्रम वेगळा असतो, आणि राजकारणासाठी त्यातली दोन बघितली तरी बरंच कळतं, स्वातंत्र्य आणि समता. त्याने लेनिन, हिटलर, अमेरिकेतला उजवा नेता बॅरी गोल्डवॉटर आणि काही समाजवादी लेखक यांच्या लिखाणात हे दोन शब्द कुठे चांगल्या अर्थाने किती येतात ते मोजलं. समाजवाद्यांकडे दोन्ही वर, हिटलरकडे दोन्ही तळाला, गोल्डवॉटरकडे स्वातंत्र्य वर आणि समता खाली, लेनिनकडे बरोब्बर उलटं. पोरांना हे सांगितलं की ती लगेच आपल्या आमदाराचं भाषण मोजायला घ्या म्हणतात. आमदारांच्या भाषणात 'विकास' सोडून दुसरा शब्द सापडणं अवघड आहे असं माझं मत, पण प्रयत्न करायला हरकत नाही.

आता बाटलीकडे येते.

आमच्या भागात दारूबंदी म्हणजे पुस्तकी विषय नाही. गावातलं सरकारमान्य दुकान बंद करायचं असेल तर त्याची कायद्यात रीत आहे. गावातल्या निदान 25 टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला मत म्हणजे दुकान बंद. यातली गोम अशी की झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणजे पुण्या-मुंबईला दिलेली लेक जिचं नाव यादीत तसंच राहिलंय, शेतात भांगलायला गेलेली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, या सगळ्या न येता उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्यासारख्या होतात. हे वर्गात सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे गप्प बसलेली बाई दारूच्या बाजूची?" मी म्हटलं हिशोबाने तसंच. ती बराच वेळ धुसफुसत होती.

या विषयावर वर्गात एकदा जे पेटलं ते आवरता आवरता तास संपला. मुली बहुतेक आडव्या बाटलीच्या. कारणं सांगायची गरज पडली नाही, एकीने फक्त "आमच्यात रोजचंच हाय" एवढं म्हटलं आणि सगळ्या गप्प झाल्या. मुलांमध्ये फाटाफूट होती. एकाचा मामा ढाबा चालवतो, त्याचं म्हणणं धंद्यावर पोट असलेल्यांनी काय करायचं. दुसरा म्हणाला, पिणारा पितोच, शेजारच्या गावाला जाऊन पिईल आणि रात्री गाडीवरून परत येताना मरेल. आणि तो 'उपकार नकोत' वाला म्हणाला, मी पीत नाही, पिणारही नाही, पण मला पिऊ नको म्हणणारं सरकार कोण?

इथे मी त्यांना थांबवलं आणि फळ्याच्या मधोमध एक रेघ मारली. डाव्या बाजूला बघून-मोजून कळणाऱ्या गोष्टी, उजव्या बाजूला बघून-मोजून न कळणाऱ्या. बंदी केल्यावर पिणं कमी होतं का, हातभट्टी वाढते का, अपघात वाढतात का, हे डावीकडे. याची उत्तरं शोधता येतात, चुकीची ठरतात, बदलतात. वर्ध्याला सत्तरच्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीला 1993 पासून, चंद्रपूरला 2015 मध्ये केली आणि 2021 मध्ये उठवली, अवैध दारू आणि गुन्हे वाढले असं कारण सरकारने दिलं. बंदीच्या बाजूच्या लोकांना ते पटलं नाही. यावर आकडे घेऊन भांडता येतं. पण समजा उद्या पक्कं सिद्ध झालं की बंदीने पिणं निम्म्यावर येतं, तरी 'मला सांगणारं सरकार कोण' हा प्रश्न तिथेच उभा राहतो. आणि समजा सिद्ध झालं की बंदीने काहीच फरक पडत नाही, तरी एखादी बाई म्हणेल की माझ्या गावाच्या वेशीवर सरकारच्या परवानगीने ते दुकान नको, पिणारा कुठंही मरूदे. हे उजवीकडचं. आपली अर्धी राजकीय भांडणं यामुळे वाया जातात की एकजण डावीकडचं बोलत असतो आणि दुसरा उजवीकडचं, आणि दोघांनाही वाटतं समोरचा ऐकतच नाही.

मग त्यांना संविधान सभेतली चर्चा वाचायला दिली. आपल्या संविधानात कलम 47 आहे, त्यात औषधाची गरज सोडून मादक पेयांवर बंदी आणायचा प्रयत्न राज्याने करावा असं म्हटलंय. त्यावर 24 नोव्हेंबर 1948 ला सभेत वाद झाला. बंदीच्या बाजूने बोलणारे बरेच होते, गांधीजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. विरोधात उभे राहिले दोघं, आणि त्यातले एक आमच्या कोल्हापूरचे, बी. एच. खर्डेकर. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, माझी कितीतरी पोरं पुढे तिथे जाऊन अभ्यास करतात आणि पाटी वाचून आत जातात. खर्डेकरांचा मुद्दा होता व्यक्तीचा, माणसाने स्वतःला घडवायचं असेल तर निवड त्याच्या हातात पाहिजे, सक्तीने आलेल्या चांगुलपणाला अर्थ नाही. दुसरे होते जयपाल सिंग, आदिवासींचे नेते आणि 1928 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या हॉकी टीमचे कॅप्टन. ते म्हणाले की आमच्याकडे तांदळाची दारू देवाच्या कामात लागते, बंदी आणाल तर आमच्या धर्मात हात घालाल. आंबेडकरांनी उत्तरात सांगितलं की ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, राज्याला ताबडतोब अंमल करायची सक्ती नाही, आणि आदिवासी भागासाठी वेगळी व्यवस्था आहेच.

पोरांना मी एवढंच शोधायला सांगितलं की कुणाच्या हातात शेवटी कुठली चिठ्ठी उरली. त्यांनी ते असं झटपट केलं की मीच बघत राहिले. खर्डेकर 'कुणी टोकू नये'. जयपाल सिंग 'देवाचं' आणि 'आपली माणसं', दोन्ही. बंदीवाले 'आईला त्रास न होणं'. आंबेडकरांवरून वाद झाला, एकजण म्हणाला त्यांनी चिठ्ठीच फाडली नाही, पुढच्यांवर ढकलली. दुसरी म्हणाली, नाही, त्यांनी 'ज्याचं त्याने ठरवायचं' ही चिठ्ठी ठेवली, आणि बघ, म्हणूनच तर उभी-आडवी गावात ठरते. यातलं कुठलं बरोबर यावर मीही अजून विचार करतेय. पण मला जे पाहिजे होतं ते झालं. जयपाल सिंग दारूचे समर्थक, असं कुणी म्हणालं नाही. ती मुलगी, जिच्यात रोजचंच होतं, ती म्हणाली की मला त्यांचं पटत नाही पण ते कशासाठी बोलतायत ते मला कळलं, त्यांच्या जागी मी असते तर मी पण तेच बोलले असते का काय कुणास ठाऊक.

तिने मत बदललं नाही. बदलावं अशी माझी इच्छाही नव्हती.

रोजगार हमीवरही असंच करता येतं. 1972 च्या दुष्काळातून ती योजना उभी राहिली, वि. स. पागेंनी तिच्यामागे आयुष्य लावलं, आणि त्यासाठी पैसा उभा करायला पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही माझ्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500 कापले जातात. शहरातल्या क्लार्कने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न स्टाफरूममध्ये विचारा आणि बाजूला व्हा. मी पोरांसमोर विचारते, पोरं जास्त शहाणी उत्तरं देतात. आणि पुण्याच्या हेल्मेटविरोधी आंदोलनाची गोष्ट सांगते, त्यावर फक्त हसतात. डोकं माझं, फुटलं तर माझं, असं म्हणणाऱ्याला दवाखान्याचं बिल कोण भरणार हे विचारलं की हसू थोडं कमी होतं.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की व्वा, मूल्यांतून मतं तयार होतात, झालं. तसं नाही. आमच्याकडे मत म्हणजे बऱ्याचदा गट. साखर कारखाना कुणाचा, दूध कुठल्या संघाला जातं, थोरल्या भावाला नोकरी कुणी लावली, कर्जाला सही कुणी दिली, यावर मत ठरतं, आणि मूल्य नंतर आणून चिकटवतात. गटाने पाणी आणलं तर विकास, दुसऱ्या गटाने आणलं तर भ्रष्टाचार, पाइप तीच, ठेकेदारही कधीकधी तोच. यात पोरांना हसण्यासारखं काही नाही कारण नोकरी आणि कर्ज या काही छोट्या गोष्टी नव्हेत, उपकाराची जाण ठेवणं हेही एक मूल्यच आहे आणि भिंतीवरच्या दहांत नसलं तरी आमच्या घराघरांत ते पहिल्या नंबरावर आहे. 'शब्द' लिहिणाऱ्याने तेच लिहिलं होतं.

फक्त एवढं तपासायला शिकवते की हाच निर्णय दुसऱ्या गटाने घेतला असता तर तू काय म्हणाला असतास? बातमीतलं पक्षाचं नाव खोडून वाचायला देते. एकदा एका निर्णयाला मुलांनी भरभरून टाळ्या दिल्या आणि मग कळलं की तो त्यांच्या घरच्या गटाच्या विरोधी पक्षाच्या सरकारचा. एकजण म्हणाला, "मॅडम, हे फसवणं झालं." थोडं आहेच.

आरक्षणाचा विषय मी वर्षाच्या सुरुवातीला घेत नाही. मला कुणी पळपुटी म्हटलं तरी चालेल. एसटीच्या पासावर बोलताना पोरं धोरणाबद्दल बोलतात, आरक्षणावर बोलताना बाकावरचा शेजारीच विषय होऊन बसतो, कुणाकडे मान वळते ते मला फळ्याकडे तोंड असलं तरी कळतं. सारखं, गरज आणि मान हे तीन शब्द वर्गाच्या अंगवळणी पडले, आणि चौथा शब्द 'पूर्वीचं देणं' त्यांचा त्यांनी शोधला, की मग दिवाळीनंतर तो विषय येतो. येतोच. तेव्हाही सोपा नसतो, पण निदान माणसाऐवजी मुद्द्यावर बोट ठेवायची सवय लागलेली असते. दर वर्षी लागतेच असंही नाही.

मध्ये एका पालकाचा फोन संस्थेत गेला, मॅडम वर्गात राजकारण करतात म्हणून. मला बोलावून घेतलं, चहा दिला, आणि सांगितलं की सिलॅबस पुरा करा, बाकी कशाला. मी म्हटलं सिलॅबसमध्ये समता आणि न्याय आहे, त्यावरच चाललंय. ते म्हणाले ते शिकवा ना, पण चर्चा कशाला. मला त्या पालकाचा राग आला नाही खरं सांगायचं तर. त्याचं म्हणणं असं होतं की पोरगी घरी येऊन आजोबांना विचारते, तुम्ही त्यांना मत का देता, आणि आजोबा दुखावतात. त्याच्या हातात 'मान'ची चिठ्ठी होती आणि पोरीच्या हातात दुसरी. मी त्या मुलीला नंतर एवढंच सांगितलं की आजोबांना 'का' विचारण्याआधी 'कधीपासून' विचारून बघ. माणसं कारण विचारलं की बचाव करतात, गोष्ट विचारली की सांगत बसतात. तिने विचारलं. 1972 ची गोष्ट निघाली, खडी फोडायला गेलेल्या आजीची, आणि तेव्हा कामावर हजेरी कुणी लावून दिली त्याची. म्हणजे आजोबांचं मत पन्नास वर्षं जुन्या हजेरीपत्रकावर उभं होतं. मुलीला ते पटलं का? नाही. ती म्हणाली, पण मॅडम त्या माणसाचा नातू आता काय करतो ते आजोबा बघतच नाहीत.

बरोबर आहे तिचं.

पोरं मला दर वर्षी विचारतात की मॅडम तुमचं मत काय. पक्षाचं मी सांगत नाही, ते कधीच सांगणार नाही, कारण माझ्या हातात त्यांचे इंटर्नलचे मार्क आहेत आणि ज्याच्या हातात मार्क त्याच्या मताला पोरं मान डोलावतात. पण बाटलीचं मी शेवटच्या तासाला सांगते. मला बंदी पटत नाही, माझ्या दोन चिठ्ठ्यांत 'कुणी टोकू नये' आहे, आणि तरी माझ्या गावात मतदान झालं तर मी आडवीला देईन, कारण जिच्यात रोजचंच आहे तिच्या शेजारी रांगेत उभं राहून मला उभीवर शिक्का मारता येणार नाही. वर्ग म्हणाला मॅडम हे काय उत्तर झालं, एकतर बंदी पटते नाहीतर नाही. 'उपकार नकोत' वाला तर फारच वैतागला, म्हणाला तुम्ही तिच्याकडे बघून मत देणार, तर मग माझ्या स्वातंत्र्याचं काय, आणि मतदान गुप्त असतंय, शेजारी कोण उभं आहे त्याचा संबंध काय. पुढच्या बेंचवरून उत्तर आलं की संबंध आहे, आणि तो काय आहे ते सांगायला ती मुलगी उठून उभी राहिली. घंटा झाली होती, पण कुणी दप्तर उचललं नाही म्हणून मीही बसले.